न दिसणाऱ्याचे प्रकार

१६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला, महाराष्ट्रातली मंदिरं पुन्हा उघडली. करोनाच्या टाळेबंदीत जवळजवळ आठ महिने बंद असलेली दारं उघडली तेव्हा दर्शनाच्या रांगेत एक नवा टप्पा आला होता. चपला काढून, हातावर सॅनिटायझर घेऊन भाविक पुढे सरकला की दारातला स्वयंसेवक त्याच्या कपाळासमोर टेंपरेचर गन धरायचा. बारीक आवाज, पडद्यावर आकडा, 'चला पुढे'. गाभाऱ्यातल्या देवाची नजर पडायच्या आधी भाविकावर यंत्राची नजर पडून जायची.

त्या यंत्रानं नेमकं काय टिपलं? माणसाच्या त्वचेतून अहोरात्र बाहेर पडणारे अवरक्त किरण. ३७ अंश तापमानाच्या शरीराचे हे किरण साधारण साडेनऊ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत जोरकस असतात. आपल्या डोळ्याची धाव ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर, त्यापलीकडे त्याला काळोख. म्हणजे रांगेतला प्रत्येक माणूस प्रकाशत होता, फक्त तो प्रकाश शेजारच्याला दिसत नव्हता.

इथून एक युक्तिवाद फार चटकन सुचतो आणि तो सभामंडपापासून मोबाइलपर्यंत कुठेही ऐकू येतो. 'शरीरातून न दिसणारं तेज बाहेर पडतं हे विज्ञानानंही मान्य केलं. मग आभा, आत्मा, ईश्वर यांनाच पुरावा का मागता?' समोरच्या बाजूचं उत्तरही तितकंच तयार असतं: 'किरण यंत्रात सापडले म्हणून मानले. देव कुठल्याच यंत्रात सापडत नाही, विषय संपला.' दोघे हमरीतुमरीवर येतात, पण दोघांची चूक एकच आहे. न दिसणं ही एकाच जातीची गोष्ट आहे असं दोघंही धरून चालतात.

हा प्रश्न पिंप्राळ्यात मांडून पाहायला हरकत नाही. जळगाव शहरात आता सामावून गेलेल्या या गावात आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो. परंपरा शंभर वर्षांहून जुनी. पंढरपूरला जाणं ज्यांना जमत नाही त्यांची पावलं त्या दिवशी इथे वळतात. दोर ओढणारे पुढे, चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी ठोकळा, सरकवून रथ आवरणारे बाजूला, आणि घराघरांच्या ओट्यांवर बायकामुलांची दाटी. मूर्ती देवळाबाहेर येते ती लोकांना दिसावी म्हणून, आणि लोक तिच्या नजरेखालून जावेत म्हणूनही. हा व्यवहार दुतर्फा आहे, निदान भाविकाच्या लेखी तरी.

समजा, याच मिरवणुकीत कुणी थर्मल कॅमेरा घेऊन उभा राहिला. त्याच्या पडद्यावर वेगळाच रथ चालेल. नुकत्याच ओढल्या गेलेल्या दोरावर तळहातांचे ऊबदार ठसे क्षणभर रेंगाळतील. चाकाखाली घासून निघालेल्या मोगरीचं लाकूड भोवतालच्या रस्त्याहून उजळ दिसेल. चष्मा घातलेल्या माणसांच्या डोळ्यांच्या जागी काळे चौकोन असतील, कारण साध्या काचेतून हे लांब तरंगलांबीचे किरण पार होत नाहीत. आणि लखलखीत घासलेल्या पितळी मूर्तीकडे कॅमेरा वळवला तर गंमतच. चकचकीत धातू स्वतः फार थोडं अवरक्त सोडतो, समोरून येणारं मात्र आरशागत परतवतो. त्यामुळे मूर्तीच्या जागी पाहणाऱ्याला बहुतांशी त्याच्या स्वतःच्याच अंगाची ऊब दिसेल. कुणी त्यातून देवाचं तापमान काढू लागला तर तो स्वतःचं तापमान वाचत असेल.

पडद्यावरचे ते लाल-पिवळे-निळे रंगही वस्तूचे नव्हेत. संवेदकाला फक्त कमी-जास्त कळतं. कोणत्या आकड्याला कोणता रंग द्यायचा हे कारखान्यात बसलेल्या माणसानं ठरवलेलं असतं, आणि बटण दाबलं की रंगपट बदलतो. अशाच चित्रांना 'आभामंडळ' म्हणून दाखवणाऱ्यांपुढे हे एक बटण दाबून दाखवावं.

खानदेशातल्या माणसाला अवरक्ताची ओळख मात्र कुणी करून द्यायला नको. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि दिवे मालवल्यावरही पश्चिमेकडची भिंत रात्री उशिरापर्यंत झळ मारत राहते. अंधारात डोळ्याला काही दिसत नाही, गालाला मात्र भिंत कुठे आहे ते कळतं. शास्त्रज्ञ विल्यम हर्शेलनं १८०० साली नेमकं हेच पद्धतशीर केलं. लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात त्यानं तापमापक ठेवले, आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच नव्हतं, तिथे पारा चढलेला पाहिला.

हर्शेलच्या कितीतरी आधी भारतातल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, याच अनुभवावर खल केला होता. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात तेजाचे चार प्रकार सांगितले आहेत. सूर्यप्रकाशाचं रूपही जाणवतं आणि स्पर्शही. दिव्याच्या किरणांचं रूप दिसतं, पण त्यांची ऊब लागत नाही. तापलेल्या पाण्यातलं तेज हाताला चटका देतं, पण डोळ्याला दिसत नाही. त्याचं रूप 'अनुद्भूत', म्हणजे असूनही प्रकट न झालेलं. आणि चौथं तेज डोळ्यातलं: त्याचं रूपही अनुद्भूत आणि स्पर्शही. नैयायिकांच्या मते डोळ्यातून तेजाचा किरण बाहेर पडतो, वस्तूला जाऊन भिडतो, तेव्हा ती दिसते.

यातला चौथा प्रकार चुकीचा आहे. डोळ्यातून किरण निघत नाही. बौद्ध आणि जैन तर्कपंडितांनी त्या काळीच नैयायिकांना याबद्दल धारेवर धरलं होतं. तिसरा प्रकार वाचून 'आमच्या ऋषींना इन्फ्रारेड ठाऊक होतं' अशी आरोळी ठोकण्याचंही कारण नाही. त्यांना तरंगलांबी ठाऊक नव्हती, मोजमाप नव्हतं. त्यांच्यापाशी होती ती वर्गवारी, आणि ती आजही कामाची आहे. एका इंद्रियाला न सापडणारं पण दुसऱ्याला सापडणारं, योग्य साधन मिळालं तर सापडू शकणारं, आणि कुठल्याच इंद्रियाचा विषय होऊ न शकणारं, हे तीन वेगळे कप्पे आहेत. अवरक्त किरण पहिल्या दोनांत बसतो. आत्म्याची चर्चा करणारे बहुतेक दर्शनकार त्याला तिसऱ्यात ठेवतात. तेव्हा पहिल्या कप्प्यातला पुरावा दाखवून तिसऱ्यातला माल खपवता येत नाही, आणि पहिल्यात सापडला नाही म्हणून तिसऱ्यातला बादही करता येत नाही.

यंत्राच्या बाजूनं गेल्या काही दशकांत झालेलं काम दुसऱ्या कप्प्यातलं आहे. पिंप्राळ्याहून धुळ्याच्या वाटेला लागलं, गिरणा ओलांडली, की बांभोरीजवळ कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ लागतं.  तिथला भौतिकशास्त्राचा कुठलाही विद्यार्थी सांगेल की सिलिकॉनच्या अर्धवाहकातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. त्याहून अशक्त किरण, म्हणजे साधारण १.१ मायक्रोमीटरच्या पुढचा, सिलिकॉनला दिसतच नाही. म्हणून मोबाइलचा कॅमेरा टीव्हीच्या रिमोटचा ०.९४ मायक्रोमीटरचा दिवा अनेकदा जांभळट दाखवतो, पण माणसाच्या अंगाचा उजेड त्याच्या आवाक्याबाहेर राहतो. पलीकडचं पाहायचं तर दुसरे पदार्थ हवेत. इंडियम गॅलियम आर्सेनाइड साधारण १.७ मायक्रोमीटरपर्यंत नेतं. त्याही पुढे मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइड, १९५९ मध्ये इंग्लंडात पुढे आलेलं: उत्तम, पण बनवायला अवघड आणि भयंकर महाग.

यावरची एक तोड म्हणजे नॅनो आकाराचे संकरित अर्धवाहक. लेड सल्फाइड घ्या, म्हणजे शिसं आणि गंधक. त्याचा मोठा स्फटिक सुमारे तीन मायक्रोमीटरपर्यंतचा किरण शोषतो. तोच स्फटिक तीन-चार नॅनोमीटरचा केला, तर कोंडलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा वाढते आणि शोषणाची सीमा एका मायक्रोमीटरच्या आसपास सरकते. थोडा मोठा केला तर सीमा पुन्हा लांब जाते. पदार्थ तोच, आकार बदलला की दिसण्याची हद्द बदलली. अशा क्वांटम बिंदूंसाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मौंगी बावेंडी, लुई ब्रूस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना मिळालं.

प्रयोगशाळेत हे घडताना पाहणं मोठं मजेचं असतं. लेड ऑक्साइड ओलेइक आम्लात विरघळवून द्रावण तापवतात, हवा लागू नये म्हणून नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडतात. मग गंधक असलेलं द्रावण सिरिंजनं एका झटक्यात आत सोडलं की पाण्यासारखा स्वच्छ फ्लास्क क्षणात गडद तपकिरी होतो. प्रत्येक कणाभोवती ओलेइक आम्लाच्या लांब शेपट्यांचं कवच तयार होतं. ते कण एकमेकांना चिकटू देत नाही, पण वीजही वाहू देत नाही. मग ते कवच उतरवून आखूड रेणूंचं चढवायचं, कण एका थरात बसवायचे आणि तो थर दुसऱ्या पदार्थाशी जोडायचा. अकार्बनी कण आणि सेंद्रिय कवच, कधी त्याखाली ग्राफीनचा, म्हणजे कार्बनचा, थर: म्हणून संकरित.

महाराष्ट्रात या वाटेवर बरीच पावलं पडली आहेत. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सुलभा कुलकर्णी यांनी अर्धवाहक नॅनोकणांवर काम केलं आणि नॅनोतंत्रज्ञानावर पाठ्यपुस्तकही लिहिलं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात चंद्रकांत लोखंडे यांच्या गटानं साध्या बीकरमधल्या द्रावणात काच बुडवून धातूंच्या सल्फाइडचे पातळ थर बसवण्याची पद्धत रुजवली. महागडी यंत्रं नसलेल्या कितीतरी कॉलेजांत त्यामुळे संशोधन सुरू होऊ शकलं. मुंबईच्या आयआयटीत सुभानंद चक्रवर्ती यांच्या गटानं इंडियम आर्सेनाइडच्या क्वांटम बिंदूंचे अवरक्त संवेदक घडवले. आणि लेड सल्फाइडची भारतीय कथा याहून जुनी आहे. त्याचा नैसर्गिक स्फटिक, गॅलेना, वापरून जगदीशचंद्र बोस यांनी केलेल्या संवेदकाचा अमेरिकी पेटंट अर्ज १९०१ चा, मंजुरी १९०४ ची. तो विद्युतलहरींना आणि प्रकाशालाही प्रतिसाद देत असे, आणि बोस त्याच्याकडे कृत्रिम डोळा म्हणून पाहत.

डोळा म्हटलं की तत्त्वज्ञ कान टवकारणारच. २०१२ साली बार्सिलोनातल्या आयसीएफओ संस्थेत कॉन्स्टान्टाटोस, कॉपेन्स आणि सहकाऱ्यांनी ग्राफीनवर लेड सल्फाइडचे क्वांटम बिंदू बसवले. ग्राफीन एका अणूच्या जाडीचं, स्वतः जेमतेम २.३ टक्के प्रकाश शोषणारं, पण त्यातून वीज विलक्षण वेगानं धावते. बिंदूंचं उलट: शोषण भरपूर, वहन मंद. दोघं एकत्र आल्यावर किरण बिंदूत शोषला गेला, इलेक्ट्रॉन तिथेच अडकला, आणि तो अडकलेला असेपर्यंत ग्राफीनमधून विद्युतभार फेऱ्या मारत राहिले. एका फोटॉनमागे सुमारे दहा कोटी फेऱ्यांची नोंद झाली.

इथे पाहिलं कुणी? बिंदूनं शोषलं, ग्राफीननं वाहून नेलं, प्रवर्धकानं मोठं केलं, पडद्यानं रंग दिला. न्यायदर्शनात प्रत्यक्षज्ञानाची साखळी अशीच आहे: आत्मा मनाशी जोडला जातो, मन इंद्रियाशी, इंद्रिय विषयाशी. विषय, इंद्रिय आणि फार तर मनाचं काही काम यंत्र उचलू शकतं. पहिल्या कडीबद्दल अभियंता गप्प असतो आणि त्याला ते शोभतं, कारण त्याचा संवेदक त्या कडीशिवाय नीट चालतो. इंद्रियांपलीकडचं काही न मानणारा चार्वाक म्हणेल, चालतो ना, मग ती कडी उगाच कशाला? नैयायिक म्हणेल, पडद्यावरचा आकडा 'मला ताप आहे' असा कुणाला तरी कळल्याखेरीज ज्ञान झालंच नाही. हा वाद संवेदक कितीही तीक्ष्ण केला तरी मिटत नाही. दहा कोटी फेऱ्यांच्या जागी दहा अब्ज झाल्या तरी त्या साखळीच्या त्याच टोकाला घडतील.

नैयायिकांना आणखी एक अडचण आली होती, आणि ती आजच्या प्रयोगशाळेतही रोज येते. डोळ्यात तेज असेल तर ते दिसत का नाही? एक उत्तर असं: भर दुपारी मशालीचा उजेड दिसतो का? सूर्याच्या उजेडात तो दबून जातो. प्रतिपक्षी विचारतो, मग रात्री तरी दिसायला हवा. त्यावर न्यायसूत्रं रात्री चमकणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांचा दाखला देतात. मांजराच्या डोळ्यात दृष्टिपटलामागे परावर्तक थर असतो आणि चमक बाहेरच्याच प्रकाशाची असते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण दुपारच्या मशालीचा मुद्दा बिनतोड आहे. अवरक्त संवेदक स्वतःच ऊबदार असतो. किरण आला नाही तरी त्याच्या स्वतःच्या उष्णतेनं इलेक्ट्रॉन सुटतात आणि अंधारातही प्रवाह वाहतो. म्हणून चांगले संवेदक द्रव नायट्रोजननं उणे १९६ अंशांपर्यंत थंड करतात. आपल्या डोळ्याला साडेनऊ मायक्रोमीटरचा किरण दिसत असता तर बुबुळाच्या आतल्या उबेनंच तो कायमचा दिपून गेला असता.

कीर्तनकाराच्या हाती हे पडलं तर 'पाहणाऱ्यानं आधी स्वतः निवावं' असा दृष्टांत तो सहज रंगवेल. रंगवावा, पण संवेदक निवतो तेव्हा त्याला निवल्याचं कळत नाही, एवढं ध्यानात ठेवून.

जळगाव जिल्ह्यातच, तापी आणि पूर्णा जिथे मिळतात तिथल्या चांगदेव गावाशी या चर्चेचा जुना धागा जोडलेला आहे. योगसामर्थ्यानं चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला घेतलं, मायना काय लिहावा ते ठरेना, म्हणून कोराच कागद पाठवला, अशी कथा आहे. इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला, असं त्यावर मुक्ताबाईंनी म्हटलं. उत्तरादाखल ज्ञानेश्वरांनी ६५ ओव्यांची 'चांगदेव पासष्टी' लिहिली. पाहणारा, पाहिलं जाणारं आणि पाहणं या त्रिपुटीचाच तिच्यात विचार आहे: आरसा समोर नसला म्हणून तोंड नाहीसं होत नाही, आणि पाहणाऱ्याला पाहण्याचा विषय करता येत नाही. चांगदेवांपाशी सिद्धी होत्या. म्हणजे आजच्या भाषेत त्यांच्यापाशी उत्तम संवेदक होते. कागद कोरा राहिला तो त्यामुळे नव्हे, आणि त्यामुळे भरलाही नाही.

यंत्राच्या नजरेचा आणखी एक प्रश्न धर्मापेक्षा नीतीचा आहे. देवापुढे माणूस आपण होऊन उभा राहतो. थर्मल कॅमेऱ्याच्या टप्प्यात माणूस नकळत येतो. २००१ साली कायलो खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की रस्त्यावरून घराच्या भिंतींची उष्णता टिपणं हीसुद्धा झडतीच, आणि वॉरंटशिवाय ती करता येणार नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. क्वांटम बिंदू द्रावणातून थेट चिपवर पसरता येतात, त्यामुळे हे संवेदक स्वस्त होत जातील आणि हा प्रश्न घराघरात येईल. शिशाच्या विषारीपणाचा प्रश्न वेगळाच. त्यासाठी शिसं नसलेल्या पदार्थांचा शोध चालू आहे.

राहता राहिला मूळ मुद्दा: दिसलं ते खरं हे ठरवायचं कसं? दुसऱ्या एका दर्शनाच्या, मीमांसकांच्या, मते ज्ञान उपजतच खरं असतं, दोष आढळेपर्यंत त्याला बाहेरचा दाखला लागत नाही. नैयायिक म्हणतात, ज्ञान खरं की खोटं ते त्यावर विसंबून केलेल्या कृतीतून कळतं. पाणी दिसलं, पुढे गेलो, तहान भागली, तर ते ज्ञान खरं. संवेदक बनवणारा या बाबतीत पक्का नैयायिक असतो. ज्ञात तापमानाच्या काळ्या पदार्थासमोर धरून तो आपला डोळा आधी पडताळतो आणि मगच बाहेरच्या जगाबद्दल बोलतो.

भाविक मात्र मीमांसकांच्या बाजूचा, अनुभव आला की संपलं, असं सहसा मानलं जातं. वारकरी परंपरेतली एक कथा याच्या बरोबर उलट जाते. तेर गावी संत जमले असताना मुक्ताबाईंनी गोरोबा कुंभारांना विचारलं, यातली मडकी कच्ची किती, पक्की किती? गोरोबांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर ठोकलं. सगळे शांत बसले, नामदेव कळवळून उठले, आणि गोरोबांनी त्यांना कच्चं ठरवलं. नामदेव तर विठ्ठलाशी रोज बोलणारे, त्याला आपल्या हातानं जेवू घालणारे. संतांमध्ये ज्याला देव सर्वांत जास्त दिसत होता तोच पडताळणीत नापास झाला. पुढे औंढा नागनाथला विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले नामदेवांना आढळले. ते पाय उचलून जिथे ठेवावेत तिथे पिंडी, आणि तेव्हा नामदेवांना उमगलं, असं कथा सांगते. त्यानंतरचे नामदेव उत्तरेत फिरले, पंजाबात घुमानला राहिले, आणि त्यांच्या ६१ पदांना गुरू ग्रंथसाहिबात जागा मिळाली. विठ्ठल फक्त पंढरीच्या गाभाऱ्यात दिसतो असं मानणारा माणूस इतक्या लांब जाऊन, परक्या लोकांत, त्याचंच नाव घेत राहिला नसता.